दोन तिरक्या रेघा

बाबा गेले तेव्हा भेटायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण जाताना दारात थांबून एकच वाक्य बोलून गेला. "काय करणार, कॉम्प्युटर आला आणि सरांचा क्लास गेला. कोणाचा दोष नाही त्यात." मी मान डोलवत होतो. चप्पल घालणाऱ्या माणसाशी वाद घालू नये एवढं मला कळतं. पण त्या दिवसांत ते वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलं, की शेवटी एका लांबच्या काकांना मी म्हणून बसलो, "होता दोष." त्यांना वाटलं, मी दुःखात आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटलं आणि रिक्षा बघायला निघून गेले.

मी मुळात कमी बोलणारा. आता मात्र बोलणार आहे, आणि कोणाला वाईट वाटेल म्हणून आवाज खाली आणणार नाही.

बाबांचा टायपिंगचा क्लास एस.टी. स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर होता. मराठीची मशीनं खिडकीकडच्या रांगेत, इंग्रजीची आतल्या. समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही, म्हणून दर शनिवारी बाबा शिवणयंत्राचं तेल आणि जुना टूथब्रश घेऊन बसत आणि एकेक दांडी पुसून काढत. रत्नागिरीतल्या निम्म्या कचेऱ्यांत त्यांच्या हाताखालून गेलेली बोटं होती. ते पाठीमागून फिरत, पडद्यामागे पाऊस पडावा तसा कळांचा आवाज ऐकत, आणि कोणाची लय चुकली तर न बघता म्हणत, "पाठ सरळ." पाठ सरळ झाली की लय आपोआप येते, असं त्यांचं मत होतं.

मला ते कधी जमलं नाही. परीक्षेत नापास झालो. बाबांनी भर क्लासात सांगितलं, "याच्या बोटांत विचार येतो. टायपिस्टाच्या बोटांत विचार येता कामा नये." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हापासून त्या मशीनांवर माझा दात होता, हे आज पहिल्यांदा लिहितोय.

१९९८ साली कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी गावातच कामं शोधू लागलो. लग्नपत्रिका, दुकानांची बिलं, शाळांचे निकाल. चार वर्षांनी एका साप्ताहिकासाठी मराठी लिहिण्याचा नवा प्रोग्रॅम करायचं काम मिळालं. गावातलंच साप्ताहिक. एप्रिल-मेमध्ये अर्धा अंक हापूसच्या जाहिरातींचा, बाकी वर्षभर बदल्या, सत्कार, मासळीचे भाव. टाइपरायटरच्याच क्रमाने चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला दोन बायका होत्या, दोघी बाबांच्याच विद्यार्थिनी. थोरली मिरकरवाड्यातली. नवरा आखातात बोटीवर, घरात सासू, दोन मुलगे. आम्ही सगळे तिला आपा म्हणायचो. तिच्यासारखी बोटं पुन्हा आली नाहीत, असं बाबा म्हणत. धाकटी केळशीची. इथे मावशीकडे राहून नोकरी करायची, मला दादा म्हणायची, आणि हसली की तोंडावर हात धरायची.

तेव्हाचं कॉम्प्युटरवरचं मराठी म्हणजे एक सोंग होतं. आतमध्ये इंग्रजी अक्षरं, वर मराठीचा मुखवटा. फाँट बदलला की मुखवटा गळून पडायचा आणि संपादकीयाच्या जागी कंस, टक्के, डॉलर. कारण प्रोग्रॅममधला कॅरॅक्टर नावाचा डबा एका बाइटचा होता, आणि त्यात इंग्रजीपुरतीच जागा होती. आपण भाडेकरू. मालकाच्या भिंतीवर आपलं कॅलेंडर लावायचं, एवढाच हक्क.

मग मी युनिकोडचा कॅरॅक्टर वापरून पाहिला. हा डबा मोठा. यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा आकडा. एका दुपारी मी आपल्या गावाचं नाव त्यात घातलं आणि एकेका कॅरॅक्टरचा आकडा पडद्यावर मागवला. ग, २३२७. त्याची ह्रस्व वेलांटी, २३६७. कुठल्याही मशीनवर ग हा गच. मी एकटाच बसलो होतो, आणि मला चक्क उठून उभं राहावंसं वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्याचे कपडे घालून फिरणाऱ्या माणसाला स्वतःच्या मापाचा सदरा मिळावा तसं. कोणी हसलं तरी हसू दे. त्या आनंदाबद्दल मी माफी मागणार नाही, तेव्हा नाही आणि आज नाही.

त्या आकड्यांमध्येच अडचणही होती. युनिकोडमध्ये आधी अक्षर येतं आणि मग वेलांटी, आपण बोलतो त्या क्रमाने. टाइपरायटरवर उलटं. ह्रस्व वेलांटी कागदावर डाव्या बाजूला दिसते, म्हणून ती आधी मारायची आणि मग अक्षर. बाबांच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या डाव्या हाताला हे हाडात भिनलेलं. ते नव्या प्रोग्रॅमवर तसेच मारायला गेले की वेलांटी मागच्या अक्षराला चिकटायची, नाहीतर ठिपक्यांच्या पोकळ वर्तुळाला लटकत राहायची. आणि आमच्या गावाच्या नावातच ती वेलांटी बसलेली, म्हणजे अंकाच्या पहिल्याच ओळीत घोटाळा.

त्यावर उपाय होता. कठीणही नव्हता. वेलांटीची कळ दाबली गेली की ती लगेच पडद्यावर सोडायची नाही. एका जादा कॅरॅक्टरमध्ये धरून ठेवायची. पुढचं अक्षर पूर्ण झालं की आधी ते सोडायचं, मग वेलांटी. जोडाक्षर असेल तर आणखी जरा थांबायचं. बस्स. हे मी पहिल्याच आठवड्यात लिहिलं होतं. चाललंही होतं. कळांच्या जागा टाइपरायटरच्याच ठेवल्या होत्या, अर्ध्या ग ला काना दिला की पूर्ण ग, असल्या खोडीही हौसेने सोडवल्या होत्या.

मग मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. तेच संपादक, तेच मालक. चहा मागवला, खिडकी लावून घेतली. बाहेर बाजारात सुकटवाली ओरडत होती.

"काय रे, तुझ्या त्या युनिकोडात टाइपरायटरची पद्धत बसते का?"

"बसवली आहे, साहेब."

"बसवलीस. म्हणजे मुळात बसत नाही."

"मुळात नाही, पण..."

"पण राहू दे. मुळात बसत नाही ना? तेच चारचौघांत सांगायचं." त्यांनी बशीत चहा ओतला. "हे बघ, कॉम्प्युटर क्लासची दोन पोरं बघून ठेवलीत. त्यांना टाइपरायटर म्हणजे काय ते ठाऊक नाही. अर्ध्या पगारात येतील. या दोघींना मी काढलं तर गावात मी वाईट. तुझे वडील माझ्या दारात येऊन बसतील. मशीनने काढलं तर कोण वाईट?"

त्यांनी माझा कप माझ्याकडे सरकवला.

"आणि काम तुझंच. छापखान्याचं, जाहिरातींचं, सगळं. मास्तरांचा मुलगा आहेस, तुझ्यावर विश्वास ठेवतील."

मी काय केलं? चहा प्यायलो. जागेवर आलो, आणि त्या ओळींच्या आधी प्रत्येक ठिकाणी दोन तिरक्या रेघा मारल्या. प्रोग्रॅममध्ये ओळीच्या सुरुवातीला त्या दोन रेघा आल्या की मशीन ती ओळ वाचतच नाही. ओळ असते, नीट लिहिलेली असते, फक्त तिला कोणी विचारत नाही. पुसून टाकायचीही हिंमत नव्हती माझ्यात. झाकून ठेवलं.

कामाचा लोभ होताच. पण खोटं कशाला, गोडही वाटलं. बाबांची पद्धत चूक आणि माझी बरोबर, असं खुद्द अक्षरांचे आकडे सांगत होते. बोटांत विचार येतो म्हणून हसलेल्या क्लासाला मी उत्तर देत होतो.

नवी मशीनं लागली तेव्हा आपा पडद्याकडे वाकून म्हणाली, "हा ठिपक्यांचा लाडू कुठून आला रे मध्येच?"

"वेलांटी नंतर मारायची आपा आता."

"नंतर? डोक्यावर पदर घेऊन झाल्यावर वेणी घालायची?"

धाकटी खूप हसली. मग दोघी कामाला लागल्या, आणि हसणं थांबलं. आपाची बोटं वाऱ्यासारखी जायची आणि दर दोन ओळींनी अडखळायची. ती थांबायची, डाव्या हाताच्या करंगळीकडे बघायची, जणू ती कोणा दुसऱ्याची आहे. मालक प्रूफ घेऊन सगळ्यांसमोर उभे राहायचे. "बाई, गावाचं नाव तरी नीट येऊ द्या."

बाबांच्या कानावर गेलंच. जेवताना त्यांनी विचारलं, "अरे, अर्ध्या ग ला काना लागेपर्यंत तुझं मशीन थांबतं ना? मग वेलांटीला का नाही थांबत?"

याहून सरळ प्रश्न मला त्यानंतर कोणी विचारलेला नाही. मी ताटातून मान वर न करता म्हणालो, "ते डेटा टाइपचं आहे, बाबा. तुम्हाला नाही कळायचं."

"असेल," ते म्हणाले. आई वाढायची थांबली होती, ती पुन्हा वाढायला लागली.

श्रावणात क्लासला नवीन मुलं आलीच नाहीत. सरांकडे शिकलेलं कॉम्प्युटरला चालत नाही, हे गावात पसरायला वेळ लागला नाही. साप्ताहिकातूनच पसरलं. बाबांनी एका शनिवारी सगळ्या मशीनांना तेल दिलं, कव्हरं घातली, आणि पुढच्या शनिवारी किल्ली घरमालकाला देऊन आले. मशीनं तीन फेऱ्यांत टेम्पोतून आमच्या पडवीत आली. बाबा घरी बसून पेपर वाचू लागले, पाठ सरळ ठेवून.

गणपतीला धाकटी केळशीला गेली ती परत आली ती फक्त सामान न्यायला. मी स्टँडवर तिची बॅग चढवून दिली. खिडकीतून ती म्हणाली, "दादा, माझीच बोटं चुकीची निघाली बघा. सरांना सांगू नका, त्यांना वाटेल आपण चुकीचं शिकवलं."

गाडी गेली. मी स्टँडवर उभा राहिलो. तिथून येऊन घरात न जाता पडवीतल्या मशीनांजवळ बसलो. बऱ्याच गोष्टींचं मला समर्थन करता येतं. त्या वाक्याचं येत नव्हतं. तरीही मी दुसऱ्या दिवशी काही केलं नाही. तिसऱ्याही नाही. नवरात्र बसलं.

दसऱ्याला साप्ताहिकाच्या छापखान्यात पूजा असे. मशीनं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून ठेवत, आणि त्या दिवशी त्यांना हात लावत नसत. क्लासातही तसंच असे. लहानपणी दसऱ्याला एक कळ दाबली म्हणून मी बाबांचा मार खाल्ला होता. साप्ताहिकाच्या पूजेला बाबांना दरवर्षी मानाने बोलावत. त्या वर्षीही बोलावलं. ते गेले, याचं मला आजही आश्चर्य वाटतं. आपाही आली होती. तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगून झालं होतं, आज फक्त पेढा घेऊन जायचा होता. कॉम्प्युटर क्लासची ती दोन पोरं नवे शर्ट घालून भिंतीशी उभी.

मालकांनी नारळ फोडला. की-बोर्डवर झेंडूची दोन फुलं आणि आपट्याचं पान होतं. मालक बाबांच्या हातात पेढा देत म्हणाले, "काळच बदलला सर. मशीनपुढे आपलं काय चालणार?"

बाबा म्हणाले, "खरं आहे."

तेव्हा माझ्यात काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. मी पुढे झालो, फुलं उचलून बाजूला ठेवली आणि मशीन चालू केलं.

"अरे, आज हात लावत नाहीत!" हे मालक नाही बोलले. बाबा बोलले.

"आज लावतात," मी म्हणालो.

खोलीत कुजबूज झाली. पुजारी भटजी ताम्हन घेऊन तसेच उभे. मालक म्हणाले, "वेड लागलं काय रे? सणासुदीचा दिवस." मी प्रोग्रॅम उघडला. रेघा काढत गेलो, एकेका ओळीवरच्या दोन-दोन. प्रोग्रॅम पुन्हा बांधून व्हायला त्या मशीनला वेळ लागायचा. तेवढा वेळ सगळे माझ्या पाठीकडे बघत होते, आणि मी कोणाकडेच वळलो नाही.

"बसा आपा. गावाचं नाव मारा. आपल्या पद्धतीने."

"आज? तुमच्या पूजेत?"

"मी सांगतोय ना. बसा."

तिने ओढणीला हात पुसले आणि बसली. र. त्ना. मग डाव्या हाताने वेलांटी. पडद्यावर काहीच उमटलं नाही. एक पोर हसलं. आपाने अर्धा ग मारला, काना दिला, आणि ग वेलांटीसकट उभा राहिला. लाडू नाही, काही नाही. ती थांबली. मग थांबलीच नाही. हापूसच्या पेटीची जाहिरात, मालकांचं ठरलेलं अभिनंदनाचं वाक्य, नव्या बोटीच्या पूजेची बातमी, पाठ असलेलं सगळं तिने एका दमात उतरवलं. झेंडूच्या पाकळ्या की-बोर्डवरून उडत होत्या.

बाबा तिच्या मागे येऊन उभे राहिले होते. ते पडद्याकडे बघतच नव्हते, बोटांकडे बघत होते. मग म्हणाले, "पाठ सरळ."

आपाची पाठ सरळ झाली.

मालक फार हुशार माणूस. सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हणाले, "अरे, मग हे आधी का नाही सांगितलंस?"

हा तो क्षण. माझ्यापुढे माझे वडील होते, आपा होती, अख्खा छापखाना होता. तुम्हीच सांगितलं होतं झाकून ठेवायला, एवढंच म्हणायचं होतं. पण मग झाकलं कोणी, हेही आलं असतं. दसऱ्याचा नियम मोडणारा मी, तिथे मोडलो.

"काल सुचलं," मी म्हणालो.

मालक हसले. हिशेब चुकता झाला होता आमचा. आपाला ठेवून घेण्यावाचून त्यांना गत्यंतर नव्हतं. भटजींसकट सगळ्यांनी पाहिलं होतं. मला त्यांनी दिवाळीनंतर काम दिलं नाही, ते ठीकच झालं. आणि बाबा? ते त्या दिवसापासून जाईपर्यंत प्रत्येकाला सांगत राहिले. दूधवाल्याला, बँकेतल्या कारकुनाला, नातवाला. "दसऱ्याच्या दिवशी मशीनला हात लावला पठ्ठ्याने. आदल्या दिवशी सुचलं त्याला." ते सांगत, आणि मी पाणी प्यायला आत जाई. क्लास त्यांनी पुन्हा काढला नाही. "आता वय झालं," म्हणाले. तेव्हा ते काही फार म्हातारे नव्हते.

तर हे असं आहे. गावात माझी ख्याती मालकाला नडलेला म्हणून. नडलो, खरंच नडलो, ते मी कोणाला काढून घेऊ देणार नाही. पण नडण्याआधी मी त्यांचा चहा प्यायलो होतो. आणि मशीन निर्दोष होतं. माझ्या धंद्यातले लोक मला अजून सांगतात, की लोकांना योग्य क्रम शिकवायला हवा होता, जुन्या सवयींचे लाड करू नयेत. मी त्यांना विचारतो, एक कॅरॅक्टर क्षणभर धरून ठेवायला तुमच्या मशीनला काय ओझं होतं? माणसांनी आयुष्य घालवून बोटं तयार केली, आणि तुम्हाला एक डबा जादा ठेवायचा जिवावर येतो? कॉम्प्युटर आला म्हणून काही गेलं नाही. कोणीतरी ते जाऊ दिलं. त्या कोणीतरीला दरवेळी एक तोंड असतं.

बाबांचं वर्षश्राद्ध झाल्यावर मी आपाकडे गेलो. ती आता गुडघ्यांमुळे खाली बसत नाही. सगळं सांगितलं. संपल्यावर म्हणाली, "मी इतके दिवस त्या करंगळीला शिव्या दिल्या रे." आणि मग, "मला कशाला आधी सांगतोस? माझं काम राहिलं. तिला सांगितलंस? ती गेली ती गेली."

म्हणून केळशीला गेलो. धाकटी आता दोन मुलांची आई, माहेरच्या घराशेजारीच नवऱ्याचं किराणा दुकान, ती गल्ल्यावर. मला बघून आधी तोंडावर हात धरून हसली. मग मी सांगत गेलो आणि हात खाली आला. गिऱ्हाईक आलं, तिने त्याला खोबरेल दिलं, सुट्टे दिले, गेलं. मी पुन्हा सुरू केलं. शेवटपर्यंत सांगितलं. चहा विचारला नाही तिने. ते बरं केलं.

"मी मुलींना सांगत्ये," ती म्हणाली, "की तुमच्या आईला टायपिंग जमलं नाही. म्हणून दुकानात बसत्ये. अजून सांगत्ये."

"ते सांगू नकोस. जमत होतं तुला. मशीनलाही जमत होतं."

"मग मुली विचारतील, कोणाला जमलं नाही?"

"माझं नाव सांग."

मला वाटलं, आता रडेल. उलट तिने पाठ सरळ केली, तशीच, क्लासात बसायची तशी.

"सांगेन की," म्हणाली. "घाबरत्ये की काय तुम्हाला!"